मतदारयादीतील ‘रहिवासी’ कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मताधिकार आणि मतदारयादीतील नाव या दोन गोष्टी एकच आहेत, असे समजून आपण व्यवहार करतो. कायदा तसे समजत नाही. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ नागरिकाला मतदार म्हणून नोंदले जाण्याचा हक्क दिला. प्रत्यक्ष मत टाकण्याचा अधिकार मात्र १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमाप्रमाणे ज्याचे नाव त्या वेळच्या यादीत असेल त्यालाच मिळतो. तेव्हा यादी कोण करतो आणि नाव राखण्याचा भार कोणावर टाकतो, हा काही कारकुनी प्रश्न नव्हे.

१९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मतदार ठरत असे. स्वतंत्र भारताने ती चाळणी फेकून दिली आणि त्याबरोबर यादी करण्याचे कामही शासनाच्या अंगावर घेतले. अमेरिकेत नाव नोंदविणे हे मुख्यतः नागरिकाचे काम समजले गेले. आपल्याकडे सरकारी नोकर घरोघर हिंडला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख नावे नोंदली गेली. त्याही वेळी सुमारे २८ लाख स्त्रिया गळाल्या, कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ यापलीकडे स्वतःचे नाव त्यांनी परक्या माणसाला सांगितले नाही. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी चालू दिल्या नाहीत. हा कठोरपणा मला योग्यच वाटतो. स्त्रीला स्वतःच्या नावाने नागरिक मानण्याचा आग्रह त्यात होता.

आज गळतीचे कारण निराळे आहे. १९५० च्या कायद्याप्रमाणे मतदार त्या मतदारसंघाचा ‘सर्वसाधारण रहिवासी’ असावा लागतो. नुसते घर मालकीचे असून भागत नाही; उलट तात्पुरते बाहेर गेल्याने वास्तव्य संपतही नाही, असे २० वे कलम सांगते. वाचायला हे न्याय्य वाटते. पण बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराला ते लावून पाहा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयता गाव सोडतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. माणसाला हत्याराच्या नावाने मोजणारी ही अर्थव्यवस्था आहे. पुढचे पाच-सहा महिने ती जोडी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीत राहते. २०१७ मध्ये जिल्हा परिषदांचे मतदान १६ आणि २१ फेब्रुवारीला झाले, म्हणजे ऐन हंगामात. २०२४ च्या विधानसभेचे २० नोव्हेंबरला, हंगामाच्या तोंडावर. मतासाठी गावी यायचे तर प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि वर खाड्याचा दंड. संपत्तीची अट कायद्यातून गेली, ती अशा वाटेने परत आली आहे.

कायद्याला लवचिक होताच येत नाही, असे मात्र नाही. खासदार-आमदार कामानिमित्त मतदारसंघाबाहेर राहिले तरी तेथील रहिवासी राहतात. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाचे नाव पारपत्रावरील पत्त्याच्या जागी नोंदता यावे, अशी दुरुस्ती २०१० मध्ये झाली. राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा ही अट अडचणीची ठरली, तेव्हा २००३ मध्ये ती काढूनच टाकली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. पुढाऱ्याचे वास्तव्य जुळेना म्हणून कायदा बदलला. मजुराचे जुळेना तर त्याचे नाव जाते.

बिहारमध्ये २०२५ साली झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणात हे मोठ्या प्रमाणावर दिसले. यादीत आधीच असलेल्या मतदारानेही जून-जुलैच्या एका महिन्यात अर्ज भरून द्यायचा होता. नेमक्या त्याच दिवसांत बिहारी मजूर पंजाबात भातलावणीला गेलेला असतो. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. आयोगाने दिलेल्या हिशेबाप्रमाणे २२ लाख मृत, ७ लाख एकाहून अधिक ठिकाणी नोंदलेले, आणि ३६ लाख ‘कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले’. मृतांची आणि दुबार नावे काढलीच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण कायमचा गेलेला आणि भेटीच्या दिवशी घरी न सापडलेला ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी माणसे आहेत; त्यांना एका रकान्यात कसे घातले? गाळलेली नावे कारणांसह जाहीर करा, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. मुंबई आणि दिल्लीतील काही वस्त्यांतल्या मतदारांकडे पूर्वी नागरिकत्वाचे पुरावे मागितले गेले होते, तेव्हा लालबाबू हुसेन खटल्यात १९९५ मध्येच न्यायालयाने बजावले होते की, यादीत आधीपासून असलेल्या नावाला वजन आहे आणि माणसाला बाजू मांडू दिल्याशिवाय ते काढता येणार नाही.

आपल्या पद्धतीत एका मताने पुढे असलेला उमेदवार सगळे प्रतिनिधित्व घेऊन जातो. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याची जागा सी. पी. जोशी एका मताने हरले. अशा पद्धतीत एखाद्या तालुक्यातील काही हजार कोयते मतदानाला नसणे म्हणजे निकालच वेगळा लागणे.

दूरस्थ मतदानाचे यंत्र आयोगाने १६ जानेवारी २०२३ रोजी पक्षांपुढे मांडले. एका केंद्रातून ७२ मतदारसंघांची मते घेण्याची त्याची योजना होती. पक्षांनी शंका काढल्या. त्यांपैकी पुष्कळशा रास्त होत्या. परंतु शंका काढून आपलेही लोक स्वस्थ बसले, हे मला पटलेले नाही. विस्थापित काश्मिरी मतदारांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास केंद्रे उघडता येतात, तर साखर कारखान्याच्या तळावर का नाहीत, हे आपण विचारले पाहिजे होते.

ते होईल तेव्हा होईल. तूर्त कार्यकर्त्याच्या हातचे काम एवढे आहे: टोळ्या निघण्यापूर्वी मुकादमाकडील नावे गावच्या यादीशी ताडून पाहावीत आणि गळालेल्यांचे नमुना ६ चे अर्ज भरून घ्यावेत. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नाव घालता येत नाही. आणि जिल्हा परिषदेसाठी तर विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतात. त्या तारखेनंतर कितीही मोर्चे काढले तरी त्या निवडणुकीपुरते नाव चढत नाही.