विठाबाईंच्या कौतुकापलीकडे
(सालवड येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. भर खेळात कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे आपण धाडस म्हणून सांगतो. मी विचारते, ओल्या बाळंतिणीला निजायची मुभा का नव्हती? खेळ थांबला की फडाची चूल थांबते, म्हणून! राष्ट्रपतींनी गौरवलं, तरी २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. २००६ पासून त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार आहे.

तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या बायांनो, ८० दिवस काम भरलं की बाळंतपणाच्या पगारी रजेचा हक्क आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. तो मिळून मागू या. शाबासकी पुरे झाली.