कर्त्या हातांचा अधिकार

आज पदवी ग्रहण करणाऱ्या स्नातकांनो,

मी एका प्रश्नाकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो. उद्या तुमच्यापैकी कोणी इस्पितळात, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, तर कोणी सरकारी दफ्तरात रुजू होईल. तेथे तुम्हांला हुद्दा मिळेल, वेतन मिळेल आणि आधीच आखून ठेवलेला कामाचा शिरस्ताही मिळेल. तो शिरस्ता कोणी ठरवला, कोणाच्या सोयीसाठी ठरवला आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला असावा, हा तो प्रश्न होय.

अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कामाचा विचार व्यवस्थापकांकडे आणि त्याची अंमलबजावणी कामगारांकडे सोपवणारी जी पद्धती मांडली, तिने उत्पादन वाढवले यात शंका नाही. परंतु तिनेच कर्त्याला त्याच्या कर्माविषयीच्या निर्णयापासून दूर लोटले. आज घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणाला मोबाइलवरून हुकूम सुटतो, आणि तो कोणत्या हिशेबाने सुटला हे विचारायला त्याच्यासमोर मुकादमसुद्धा नसतो, तेव्हा ही विभागणी पराकोटीला पोचली असे म्हणणे प्राप्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रामाणिक यत्न याच वर्धा जिल्ह्यात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे जमनालाल बजाजांच्या साहाय्याने वर्ध्यातील मगनवाडीत उभे राहिले, आणि लंडनमध्ये हिशेबतपासणीची व कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राची विद्या घेतलेले जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. ज्याला मोठ्या पेढ्यांचे ताळेबंद वाचता येत होते, असा मनुष्य तेली, चांभार आणि कागदी यांच्या व्यवसायांचा शास्त्रीय विचार करू लागला, ही घटना सामान्य नव्हे. मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी पुढे ‘वर्धा घाणी’ या नावाने ओळखली गेली. एका घाण्याला जुन्या घाणीपेक्षा अधिक गळित घेणारी ही घाणी सुधारली, ती तेल्याला बाजूस सारण्यासाठी नव्हे, तर त्याच्याच धंद्यात त्याचे बळ वाढवण्यासाठी. शास्त्र कारागिराच्या मदतीस आले, त्याच्या जागी बसले नाही.

१९३५ साली खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघानेही कातणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचा प्रश्न हाती घेतला. बाजारभाव आधी धरून उरल्यासुरल्या पैशांत मजुरी बसवण्याचा प्रघात संघाने मोडला, आणि आठ तासांच्या कसदार कामाला निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, हे तत्त्व स्वीकारले. पुढे १९५९ साली विनोबांनी पवनार येथे धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. तेथील भगिनी शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे आपल्याच हातांनी करतात आणि निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने घेतात. अशा निर्णयाला विलंब लागतो, हे खरे. पण जो निर्णय सर्वांनी मिळून घेतला, तो अमलात आणण्यासाठी कोणावर पहारा ठेवावा लागत नाही.

हे प्रयोग जसेच्या तसे उचलून कोठेही बसवता येणार नाहीत. शस्त्रक्रियेच्या खोलीत सर्वसंमतीची वाट पाहता येत नाही, आणि खादीला सरकारी साहाय्यावाचून उभे राहणे कठीण गेले, हेही नाकारून चालणार नाही. तथापि प्रयोगाचे बाह्य रूप अपुरे पडले म्हणून त्याचे मूलतत्त्व खोटे ठरत नाही. काम करणाऱ्याची बुद्धी हीच संस्थेची सर्वांत मोठी ठेव असून ती वापरण्याची तजवीज ज्या व्यवस्थेत नाही, ती कितीही नवी यंत्रे आणो, आतून दुबळीच राहते. म्हणून रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या परिचारिकेला पाळ्यांचे वेळापत्रक ठरवताना शब्द असावा. संगणकाने काम वाटून द्यायचे असेल, तर वाटपाचा नियम काम करणाऱ्यांना वाचता यावा आणि त्यावर हरकतही घेता यावी. आणि यंत्राने वाचवलेल्या श्रमाचा लाभ त्यांच्या वेतनात व विश्रांतीत उतरावा.

स्नातकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या हाती लवकरच अधिकार येईल. नव्या योजनेचा मसुदा तुमच्यापुढे सहीसाठी येईल, तेव्हा ती ज्यांना राबवायची आहे त्यांच्यापैकी एकाला तरी विचारले आहे काय, एवढे अवश्य पाहा. आणि विचारले नसेल, तर तो कागद परत पाठवण्याचे धैर्य दाखवा. या विद्येचा आणि या भूमीचा तुमच्यावर तेवढा हक्क आहे.