उल्लेख किती, आणि कशासाठी?



सार्वजनिक आरोग्याच्या संशोधकाची ओळख हल्ली तीन आकड्यांत करून दिली जाते: पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांच्या पेपरांत झालेले उल्लेख) किती, एच-इंडेक्स किती. नेमणूक, बढती आणि अनुदान यांचे निर्णय या आकड्यांवर होतात. आज पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांनो, उद्या तुमचेही होतील. म्हणून हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे आजच समजून घ्यायला हवं.

माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड यांनी सायटेशन मोजण्याची कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स प्रत्यक्षात आणला. एखाद्या पेपरचा पुढे कोणी, कुठे आधार घेतला याचा माग संशोधकांना काढता यावा, हा त्यामागचा हेतू. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या वीस पेपरना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले, त्याचा एच-इंडेक्स वीस. हिशेब सोपा आहे, आणि सोपा असल्यामुळेच तो सगळीकडे पसरला.

पण उल्लेख कशासाठी झाला, हे तो आकडा सांगत नाही.

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचं अवघ्या पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. घरी नेऊन महिनोन्‌महिने ही औषधं घेणाऱ्यांबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. तरीही २०१७ पर्यंत त्या पत्राचे ६०८ उल्लेख झाले. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये त्यांची छाननी प्रसिद्ध झाली. ७२ टक्के लेखकांनी हे पत्र ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही गोष्ट ८० टक्क्यांहून अधिक लेखकांनी सांगितलीच नव्हती. अमेरिकेत या अफूवर्गीय गोळ्यांनी असंख्य घरं उद्ध्वस्त केली. मूळ पाच वाक्यं न वाचता पुढे ढकललेला संदर्भ त्याला हातभार लावून गेला.

याच्या उलट गोष्ट कोलकात्याची. शंभूनाथ दे यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की जंतू गाळून काढलेल्या द्रवातही कॉलऱ्याचं विष असतं आणि आतड्यावर परिणाम करतं ते हेच विष. कॉलऱ्याच्या अभ्यासाला यातून नवी दिशा मिळाली; पण बराच काळ या कामाकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रण त्यांना आलं, तेव्हा ते निवृत्त झालेले होते. दे १९८५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या दुर्लक्षित कामावर सविस्तर लिहिलं ते खुद्द गारफील्ड यांनी.

मग संशोधनाचा परिणाम बघायचा तरी कुठे? गडचिरोलीत.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले राणी आणि अभय बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतले आणि त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा पेपर आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम आठ टक्के. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजाला त्या पेपरने धक्का दिला.

दहा वर्षांनी, डिसेंबर १९९९ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्येच नवजात बाळांवरचा अभ्यास आला. ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या, गावच्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिलं होतं. त्या घरोघरी जाऊन बाळाचं वजन करत, त्याला ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखत आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. या पेपरचे उल्लेख जगभर झाले. पण त्याचा खरा प्रवास पुढचा आहे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांसाठी घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू केला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते, ते या साखळीमुळे.

विद्यार्थ्यांनो, पेपर जरूर लिहा. छापून न आलेलं काम दुसऱ्याला तपासता येत नाही आणि वापरताही येत नाही. पण ज्याचा संदर्भ द्याल तो पेपर आधी मुळातून, शेवटपर्यंत वाचा. ज्या गावातून माहिती गोळा कराल, त्या गावाला निष्कर्ष त्यांच्या भाषेत जाऊन सांगा. आणि उद्या निवड समितीच्या खुर्चीत बसाल, तेव्हा समोरच्या उमेदवाराला एच-इंडेक्स विचारण्याआधी विचारा, की तुमच्या कामामुळे कोणाच्या उपचारात, कोणत्या धोरणात, कोणत्या गावात काय बदललं? त्याचं उत्तर नीट ऐकून घ्या आणि त्यावरच निवड करा.