ग्रंथदान की ग्रंथहरण?

विकत घेतलेले पुस्तक स्नेह्यास वाचावयास देणे हा शिष्टाचारच होय. त्यात प्रत एकच राहते. त्याच पुस्तकाची पाने टिपून मोबाइलवरून शंभर जणांस धाडली, की शंभर नव्या प्रती निर्माण होतात. तो अधिकार लेखकाचा वा त्याच्या वारसांचा.

१९५७ च्या कायद्यात १९९२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून सर्वांस खुली आहेत. बेळगावशी नाते असलेले जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले. त्यांच्या हयातीतील संग्रहांवरील हक्क २०४७ अखेरपर्यंत राहील.

दूरच्या गावी मराठी पुस्तक मिळत नाही, ही अडचण खरी. परंतु तिच्यावर उपाय ग्रंथालयाचा. फुकट प्रतींनी विक्री आटली, तर पुढचे पुस्तक छापणार कोण?