काळ्या सावल्यांची सिंड्रेला

आर्थर रॅकहॅम म्हटलं की आठवतात ती त्याची गाठाळ झाडं, मुळं बोटांसारखी पसरलेली. लंडनचा हा चित्रकार उमेदवारीच्या काळात दिवसा विमा कचेरीत कारकुनी करी आणि संध्याकाळी चित्रकला शिके. आधी शाईची रेघ, मग जलरंगाचे पातळ हात एकावर एक, ही त्याची रीत. १९०५ च्या ‘रिप व्हॅन विंकल’मध्ये त्याची ५१ रंगीत चित्रं होती, गुळगुळीत कागदावर वेगळी छापून पुस्तकात चिकटवलेली.

मला मात्र त्याची १९१९ सालची ‘सिंड्रेला’ जास्त आवडते. सी. एस. इव्हान्सनं गोष्ट नव्यानं सांगितली आणि रॅकहॅमनं जवळजवळ सगळं पुस्तक छायाकृतींनी भरलं. आता छायाकृतीत ना डोळे दिसतात, ना डोळ्यांतलं पाणी. मग सावत्र बहिणींचा तोरा दाखवायचा कसा? वर गेलेल्या नाकाच्या शेंड्यानं, ताठ मानेनं, झग्याच्या घेरानं! इथं कडेची रेघ केसभर चुकली तरी माणूस बदलतो. रंगीत चित्रात अशी चूक झाकता येते, इथं नाही. पुढच्याच वर्षी या दोघांनी ‘स्लीपिंग ब्यूटी’ केली, तीही बरीचशी अशाच काळ्या आकृतींत.