नायटी ओळखायची ती फळावरून



पावसाळा लागला की फरशीच्या फटीत, कुंडीत, मैदानाच्या कडेला बारीक पानांचं एक रोप जमिनीला चिकटून पसरतं. देठ मोडला की पांढरा चीक येतो. कोणी त्याला नायटी म्हणतं, कोणी दुधी. ही युफोर्बिया प्रजातीतली मंडळी. जगात या प्रजातीच्या सुमारे २००० जाती आहेत. पुरुषभर उंचीचा त्रिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे यांचेच भाऊबंद. कात्रज आणि पाचगणी या गावांची नावं ज्यांच्या शास्त्रीय नावात आली, त्या दोन जातीही यांतल्याच. आज मात्र बोलायचं आहे ते पायाखालच्या चार जातींबद्दल, कारण घोटाळा होतो तो तिथेच.

पहिला घोटाळा भाजीचा. चिवळ आणि घोळ याच जागी, याच दिवसांत उगवतात. चिवळीची तांबूस, जमिनीलगतची फांदी आणि इवलीशी पानं पाहून नवख्याचा हात नायटीवर सहज पडतो. इथे खूण सोपी आहे. चिवळीचं पान मांसल असतं आणि देठ मोडला तर नुसतं पाणी येतं. चीक आला की ती भाजी नव्हे. हा चीक डोळ्यांत गेला तर डोळे चुरचुरतात, सुजतात. म्हणून रोप हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. मुलांना तर हे बजावूनच सांगा.

आता आपापसांतला फरक. मोठी नायटी, म्हणजे युफोर्बिया हिर्टा, चटकन कळते. ती नुसती लोळत नाही, फांद्यांची टोकं वर उचलते. अंगावर पिवळसर लांब केस, पानाच्या बगलेत फुलांचे दाट गोल झुबके. पान तीन-चार सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि त्याचा बुंध्याकडचा भाग एका बाजूला झुकलेला असतो.

खरी कसोटी उरलेल्या तिघींची: लहान नायटी म्हणजे थायमिफोलिया, प्रोस्ट्राटा आणि सर्पेन्स. तिघींचीही पानं बहुधा सेंटिमीटरभराच्या आतली, तिघी जमिनीवर सपाट. लालसर ती एक आणि हिरवी ती दुसरी, असं पुष्कळ जण मानतात. या समजुतीला काही आधार नाही. तेच रोप उन्हातल्या मुरमाड जागी लाल होतं आणि सावलीत हिरवं राहतं.

सर्पेन्स आधी बाजूला काढू. तिच्या अंगावर कुठेच केस नाहीत. जमिनीवर टेकलेल्या पेरांतून मुळं फुटतात. पेरापाशी पाहिलं तर उपपर्णं एकत्र जुळून पांढरा, पातळ त्रिकोणी पापुद्रा झालेला दिसतो. इतर दोघींत असा ठळक पापुद्रा नसतो.

राहिल्या थायमिफोलिया आणि प्रोस्ट्राटा. इथे दहा पटींचं भिंग हवंच. ज्याला आपण फूल म्हणतो तो खरं तर अख्खा फुलोरा असतो. एक इवलासा पेला, त्याच्या काठावर चार ग्रंथी, आत एकेका पुंकेसराची बनलेली नर फुलं आणि मधोमध एकच मादी फूल. त्या मादी फुलाचं तीन कप्प्यांचं फळ होतं, जेमतेम दीड मिलिमीटरचं. ते भिंगाखाली धरा आणि केस कुठे आहेत ते बघा. प्रोस्ट्राटाच्या फळाला तीन कडा असतात आणि केस त्या कडांवरच रांगेने उभे असतात, मधला भाग जवळजवळ गुळगुळीत. थायमिफोलियाच्या फळावर केस सगळीकडे सारखे पसरलेले. शिवाय प्रोस्ट्राटाचं फळ देठावर पेल्याबाहेर येऊन वाकतं, तर थायमिफोलियाचा देठ इतका आखूड की फळ पेल्यातच अडकून राहतं आणि फुगताना पेल्याची एक बाजू फाडतं. एकदा हे पाहिलं की दोघींची गल्लत पुन्हा होत नाही. तरी शंका राहिली तर फळ फोडा. आत तीनच बिया असतात. प्रोस्ट्राटाच्या बीवर धारदार आडवे वरंबे स्पष्ट दिसतात, थायमिफोलियाच्या बीवर ते उथळ असतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारेल. नायटी औषधी म्हणून गोळा होते, वाळवून विकली जाते. वाळलेल्या पाल्याच्या पोत्यात या तिघी एकत्र झाल्या तर त्यावर केलेल्या कोणत्याही तपासणीला अर्थ राहत नाही. नमुना एका जातीचा नसेल, तर गुण कोणाचा हे कसं ठरवणार? माझ्या मते वनस्पतीच्या औषधी गुणांबद्दल बोलण्याचा पहिला हक्क तिची नीट ओळख पटवणाऱ्याला आहे.

विद्यार्थ्यांना आणि औषधी वनस्पती गोळा करणाऱ्यांना माझी विनंती आहे. नमुना घेताना फळं धरलेली फांदी घ्या, पेरं आणि मुळं सोडून देऊ नका, आणि फळ भिंगाखाली पाहिल्याशिवाय चिठ्ठीवर जातीचं नाव लिहू नका.