मताचा हिशेब
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्या कार्यकारिणीपुढे एक ठराव हमखास येतो. ज्ञातीची मते ज्ञातीच्याच माणसाला पडावीत, असा त्याचा आशय असतो. असल्या ठरावास आम्हीही एकेकाळी हात वर केलेला आहे, हे प्रारंभीच कबूल करतो. आज त्याच विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे. परंतु ठरावाची चिकित्सा करीत बसण्यापेक्षा, ज्या उपनगरांत आपण राहतो तेथील एका लोकप्रतिनिधीच्या निवडणुका आणि सभागृहातील काम यांचा हिशेब आपणांपुढे ठेवावा, हे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते. आम्ही बोलत आहो ते गोरेगावच्या कै. मृणालताई गोरे यांच्याविषयी.

त्या कोणत्या ज्ञातीच्या, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या ओठांवर आला असेलच. माहेरच्या त्या मोहिले, सासरच्या गोरे. केशव गोरे यांच्याशी 1948 साली झालेला त्यांचा विवाह आंतरजातीय होता. तेव्हा कोणत्या ज्ञातीच्या वहीत त्यांचे नाव लिहावे, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. गोरेगावच्या मतदारांनी तो घातला नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळाच होता, आणि तो पाण्याचा होता.

1957 साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. गोरेगाव, मालाड, बोरिवली ही तोवरची गावे एका कायद्यासरशी महानगराचे भाग झाली. महानगरपालिकेची करपट्टी घरोघर पोहोचली. नळ मात्र पोहोचला नाही, आणि जेथे पोहोचला तेथे कोरडाच राहिला. पलीकडे मुलुंड, भांडुप, घाटकोपर या बाजूस तर तानसेचे जाडजूड नळ लोकांच्या दारावरूनच शहराकडे जात. पाणी दिसावे आणि मिळू नये, हा अनुभव ज्यांनी घेतला त्या वडीलधाऱ्या भगिनी आज येथे बसल्या आहेत. त्यांना आम्ही अधिक काय सांगावे? 1958 साली केशवराव अकाली वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, 1961 मध्ये, मृणालताई महानगरपालिकेवर निवडून गेल्या आणि हंडे घेतलेल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी पाण्याचा प्रश्न इतका लावून धरला की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचे नाव झाले.

पुढील निवडणुकांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. 1972 साली राज्यात काँग्रेसने 270 पैकी 222 जागा जिंकल्या. त्या महापुरातही समाजवादी पक्षाच्या उमेदवार मृणालताई विधानसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी अहिल्याताई रांगणेकर प्रभृतींसह त्यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभारली; लाटणी हाती घेतलेल्या गृहिणींचे ते मोर्चे मुंबईने पाहिले आहेत. आणीबाणीत त्या प्रथम भूमिगत राहिल्या आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला. 1977 मध्ये जनता पक्षातर्फे त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. इंदिराजी त्याच निवडणुकीत पराभूत झाल्या होत्या, म्हणून ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा त्या वेळी सर्वतोमुखी झाली. ती लोकसभा मुदतीपूर्वीच, 1979 साली विसर्जित झाली. 1985 मध्ये गोरेगावने ताईंना पुन्हा विधानसभेत पाठविले, आणि त्या कार्यकाळात काही दिवस त्या विरोधी पक्षनेत्याही होत्या. 1990 मध्ये त्याच गोरेगावने शिवसेनेचे सुभाष देसाई यांना निवडून दिले. मतदार कोणाचा कायमचा ऋणी नसतो; ते योग्यच आहे.

हा झाला निवडणुकांचा वृत्तांत. तो आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतो. कोण किती मतांनी पडला हे तर चहाच्या दुकानातही सांगतात. पण निवडून गेल्यावर त्या माणसाने सभागृहात काय केले, हे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

यात सगळाच दोष आपला नाही. आपल्या विधिमंडळांत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, ‘होय’ आणि ‘नाही’ असे आवाज उठतात, आणि निकाल जाहीर होतो. कोणी विभागणी मागितली तरच कोणाचे मत कोणीकडे पडले याची नोंद राहते. त्यातून 1985 साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. पक्षाचा आदेश मोडून मत दिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली नाही, तर सदस्यत्वच जाण्याची वेळ येते. पक्षांतराच्या रोगावर ते औषध होते हे खरे. परंतु त्यामुळे आमदाराचे मत हे त्याचे स्वतःचे असे फारसे उरले नाही. म्हणून आमचे मत असे की, हात कधी वर केला हे मोजून आमदाराची पारख होत नाही. पक्षाने सांगितले नसताना त्याने आपण होऊन काय मांडले, हे पाहावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मृणालताईंनी 1986 साली विधानसभेत मांडलेले अशासकीय विधेयक. गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ असेल तर तो पाडावयाचा, हा व्यवसाय तेव्हा मुंबईत उघडपणे चालत असे. आज थोडके रुपये खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलगाडीच्या डब्यांत लागत. आपण त्या वाचीत होतो आणि अंधेरीला उतरून घरी जात होतो. त्याविरुद्ध स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर आल्या आणि ताईंनी तो प्रश्न विधिमंडळात नेला.

आता गंमत पाहा. अशासकीय विधेयक संमत होणे हे आपल्या देशात जवळजवळ अशक्यच. संसदेने 1970 नंतर असे एकही विधेयक संमत केलेले नाही. मृणालताईंचेही विधेयक त्या रूपाने कायदा झाले नाही. ‘किती विधेयके संमत करून घेतली’ असा रकाना आखला, तर त्यांच्या नावापुढे येथे शून्यच पडेल. परंतु त्या विधेयकामुळे आणि बाहेरच्या चळवळीमुळे शासनाला हलावे लागले. 1988 साली महाराष्ट्राने अशा परीक्षांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशात असा तो पहिलाच. 1994 मध्ये संसदेने सर्व देशासाठी कायदा केला. तेव्हा रकाने भरताना जपावे लागते.

आणि हे आमच्या ज्ञातीस लागू नाही, असे कोणी समजू नये. आपल्या वधूवर सूचक मंडळाचे काम पाहणाऱ्यांना विचारा. मुलींची स्थळे मिळत नाहीत म्हणून कुरकुर करणारे काही वरपिते त्या काळी कोणत्या दवाखान्याच्या पायऱ्या चढले होते, हे त्यांचे त्यांना ठाऊक. ज्ञातीचा उमेदवार निवडून आणला असता तर त्याने हा प्रश्न सभागृहात काढला असता काय? आम्हांस शंका आहे. त्याला आपलीच मते गमावण्याचे भय वाटले असते.

गोरेगाव पूर्वेस दिंडोशीला जाऊन आलात तर ताईंच्या कामाचे दुसरे रूप दिसेल. नागरी कमाल जमीनधारणा कायद्याखालील अतिरिक्त जमीन सामान्य माणसांच्या घरांसाठी मिळावी, म्हणून नागरी निवारा परिषद वर्षानुवर्षे शासनाशी आणि न्यायालयात झगडली, आणि सहा हजारांहून अधिक कुटुंबांना घरे मिळाली. ती घरे देताना ज्ञाती पाहिली गेली नाही. आपल्यापैकी काही कुटुंबे तेथे राहतात, तीच साक्ष देतील. 17 जुलै 2012 रोजी ताई निवर्तल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलास आज त्यांचे नाव आहे.

आता ठरावाविषयी. तो यंदा पुन्हा आला तर आम्ही त्याच्या विरोधात मत देऊ, आणि नाव नोंदवून देऊ. त्याऐवजी आमची सूचना अशी : आपल्या उपनगरांतील आमदारांनी गेल्या पाच वर्षांत कोणते प्रश्न विचारले, कोणती विधेयके मांडली, कोणत्या चर्चेत भाग घेतला, याचे टिपण विधिमंडळाच्या छापील कार्यवृत्तावरून तयार करून पुढील स्मरणिकेत प्रसिद्ध करावे, उमेदवार आपल्या ज्ञातीचा असो वा नसो. काम किचकट आहे. आमची दृष्टी आता अधू झाली असली तरी आम्ही बसण्यास तयार आहो. वाचून दाखविण्यास आणि उतरवून घेण्यास दोन तरुण हवेत. ज्यांना सवड असेल त्यांनी चहापानापूर्वी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत.